मुराळी आल्याशिवाय

आई, येत्या रविवारी आम्ही खाली जातोय. म्हणजे आता ठरलंय, पण सगळ्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. खाली म्हटलं की तुला कळेल. इथल्या पोरांना कळत नाही, त्यांना वाटतं खाली म्हणजे बिल्डिंगच्या खाली, वॉचमनपाशी. आपल्या घरात तुझ्या माहेराला कुणी कधी कोकण म्हटलं नाही, की गावाचं नाव घेतलं नाही. कुंभार्ली घाट उतरला की जे काही लागतं ते सगळं खाली. खालची माणसं, खालचे तांदूळ, खालचं बोलणं. आणि तू खालची पोर, वर आणून दिलेली.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय. नातीकडे वही मागितली असती तर तिनं दिली असती, पण मग विचारलं असतं, आजी काय लिहितेस? माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही तू दटावून पाठवलीस म्हणून. तुला तर तेवढंही येत नव्हतं. म्हणजे मी लिहिणार, तुला वाचता येणार नाही, आणि तू तर नाहीसच. बरं जुळलंय सगळं.

झालंय असं की शनिवारी गावी लग्न आहे, तुझ्या धाकट्या लेकाच्या नातीचं. मुलगा, सून, नात आणि मी, विक्रोळीहून असे चौघं गाडीनं जाणार. माझ्या मुलाचं म्हणणं, रविवारी सकाळी चहा घ्यायचा, पुण्यावरून सरळ एक्सप्रेसवे धरायचा, दुपारी घरी, की लगेच अंथरुणावर. सोमवारी त्याला ऑफिस. आता त्याचं पोट सुटलंय, केस गेलेत, पण रविवारच्या झोपेचं नाव काढलं की तोंड अजून पाळण्यातल्यासारखं होतं. मी टेबलाशी बसून गवार मोडत होते. तेवढ्यात नातीनं गवारीचं ताट बाजूला सरकवलं आणि मध्ये फोन ठेवला.

"बाबा, हे बघा ना. पुणे कशाला? गावाहून सकाळी लवकर निघायचं, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, घाट उतरला की चिपळूण, तिथून गुहागर. समुद्रात पाय बुडवायचे, मासे हाणायचे, आणि गोवा हायवेनं रात्री घरी. एका दिवसात होतं यार."

"तुझ्या फोनला काय, तो बसल्या जागी जातो," मुलगा म्हणाला. "माणगावला ट्रॅफिक लागला म्हणजे तिथंच मुक्काम."

सून म्हणाली, "शिवाय आईंची कंबर आहे. दिवसभर गाडीत बसवणार का त्यांना?"

"कंबर माझी आहे," मी म्हटलं, "तिची चौकशी माझ्याकडे करा."

मी इतकं बोलले म्हणजे मला जायचंय, हे नातीनं ओळखलं. ती पोरगी तुझ्यावर गेली आहे. समोरच्यानं काय गिळलं ते तिला बरोबर दिसतं.

फोनवर निळी रेघ उमटली होती. नातीनं बोटानं ती सरकवली, पाटण मागे गेलं. अजून सरकवली, डोंगर आले, रेघ नागासारखी वळवळायला लागली. "हा बघ आजी, घाट." अजून थोडं सरकवलं की सगळं निळंच निळं. तू जन्मभर नुसत्या डोळ्यांनी चाललीस ती वाट या पोरीनं अंगठ्यानं उतरून दाखवली, तेही गवारीचे देठ बाजूला सारून.

तुझं ते सांगणं मला पाठ आहे. रात्री जात्यावर बसलीस की सांगायचीस, मी मांडीवर डोकं ठेवून ऐकायची. चिपळुणातून निघायचं. समुद्राच्या अंगाला जायचं. उतार लागला की वाऱ्याला खारट वास येतो. मग डावीकडे एक पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, वर चढते, तिच्या तोंडाशी पाण्याची विहीर. सरळ गेलात तर समुद्र, डावीकडे चढलात तर माझं घर. घराला पुढे पडवी, पडवीत झोपाळा. आमच्याकडे वरच्या अंगाला कुणाच्या घरात झोपाळा नव्हता. मला वाटायचं तू थापा मारतेस. माणसं दिवसाढवळ्या घरात झोके घेत बसतात, हे माझ्या आज्जीला, तुझ्या सासूला, कळलं असतं तर तिनं कपाळ बडवलं असतं.

तुझं सासरी काही जमलंच नाही, असं नाही म्हणणार मी. भाकरी तू आमच्या गावच्या बायांपेक्षा पातळ थापायचीस. पण बोलता बोलता मध्येच जरा थांब म्हणायचं सोडून "वायच रव" म्हणालीस, की चुलत्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आणि सुकट विकणारी बाई यायची ना, घाट चढून, डोक्यावर पाटी घेऊन, तिचा वास वेशीत आला की तू हातातलं काम टाकायचीस. आज्जी म्हणायची, "घ्या, आली हिची मावशी." सुकट घरात शिजवायची मुभा नव्हती. मागच्या दारी तीन दगड मांडून तू ती भाजायचीस, धूर डोळ्यांत जायचा, आणि त्या बाईला बसवून घ्यायचीस. काय विचारायचीस तिला? पाऊस कसा आहे. भात लावला का. विहिरीला पाणी आहे का. कुणाचं नाव घेऊन कधी विचारलं नाहीस. ती बाई तुझ्या गावची नव्हतीच, पार हर्णैकडची होती, तरी तू तिला विहिरीचं पाणी विचारायचीस. ती बिचारी म्हणायची, आहे हो आहे, भरपूर आहे.

एकदा मी विचारलं होतं, "आई, एसटी जाते की चिपळूणला. तू बसून जात का नाहीस?" तू पाठीत असा धपाटा घातलास की तोंडातला घास बाहेर आला. "मुराळी आल्याशिवाय माहेरी जाणारी बाई म्हणजे घरातून हाकललेली. लोक विचारतात, काय गं, टाकलं का नवऱ्यानं? न्यायला येतील तेव्हा जाईन." त्यानंतर मी विचारलं नाही. माझ्या पाठीला तो धपाटा अजून कळतो, विशेषतः बस स्टँडवर.

नातीला मुराळी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सांगितलं तिला, की सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचं जे माणूस येतं, तो मुराळी. भाऊ नाही तर चुलता. आपल्या पायानं उठून जायचं नसतं.

"म्हणजे पिकअप?" ती म्हणाली.

"हो, पिकअप."

"मग पणजीला कुणी पिकअप करायला आलंच नाही?"

आला होता गं. दोनदा आला होता. हे मी त्या दिवशी टेबलाशी सगळ्यांना पहिल्यांदा सांगितलं. माझ्या मुलालाही माहीत नव्हतं. आपल्या घरात अशा गोष्टी कुणी सांगत नाही, भिंतीतल्या खुंटीसारख्या असतात, सगळे त्यांना टोपी अडकवतात आणि कुणी बघत नाही.

पहिल्यांदा मामा आला तो गौरीच्या आधी. मी लहान होते, पण त्याचे पाय आठवतात, लाल मातीचे, आमच्या काळ्या मातीत ते वेगळेच दिसत होते. खांद्यावर नारळाचं पोतं. तू त्याला लांबून वाटेवर बघितलंस आणि आत जाऊन ट्रंक उघडलीस. ते हिरवं लुगडं काढलंस, तांबड्या काठाचं, तुझ्या बापसानं लग्नात दिलेलं. तू म्हणायचीस, हे नेसून वर आले, हे नेसूनच खाली जाईन. आज्जीनं मामाला गूळपाणी दिलं, बसवलं, नीट बोलली. वाईट नव्हती ती. एवढंच म्हणाली, "पाव्हणं, आत्ता घरात माणूस न्हाई, पेरणी तोंडावर आली. पीक घरात आलं की या, खुशाल न्या, महिनाभर ठिवा." मामाला पटलं. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं पटतंच. जाताना तो मला म्हणाला, "पीक आलं की येतो हां, तुलाही नेतो." तू लुगड्याची घडी मोडली नव्हतीस, तशीच परत ठेवलीस.

आणि आला की तो. बोलल्यासारखा आला. दिवाळी झाली, त्याचा भात कापून झाला, झोडून झाला, कणगीत पडला, आणि तो घाट चढून आला. त्याच्या हिशेबानं पीक घरात आलं होतं. आमच्या काळ्या रानात तेव्हा शाळू, आमची थंडीतली ज्वारी, गुडघ्याएवढा होता. आमचं पीक माघ-फाल्गुनात निघायचं, तो वर्षातून एकदा भात घेणारा माणूस, त्याला काय ठाऊक! आज्जी ओट्यावर बसली होती, त्याला बघून हसली. "अवं पाव्हणं, पीक कुठं आलंय? रानात हाय की उभं!" तो म्हणाला, "आमचं तर आलं." ती अजून हसली, आणि गड्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलं का रं, ह्यांचं आलं म्हणं!" तिच्या मनात काही नव्हतं. म्हातारीला हसायला दिवसभरात दुसरं मिळायचं काय? पण त्याचा चेहरा मी पाहिला. तो दोन दिवस चालून-बसून, घाट चढून आलेला माणूस. "थट्टा करायला बोलावलंत काय?" एवढं म्हणाला, नारळ ओट्यावर ठेवले, पाण्याला हात लावला नाही आणि वळला.

तू आत पीठ मळत होतीस. तुला दोन्ही पिकं ठाऊक होती. त्या घरात, त्या गावात, दोन्ही पिकं ठाऊक असलेली तू एकटी होतीस. दाराशी येऊन एक वाक्य बोलली असतीस तर सगळं मिटलं असतं. पण सून ओट्यावर येऊन पाहुण्यांच्या बोलण्यात बोलत नव्हती तेव्हा. तू पिठाच्या हातांनी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिलीस, आणि तो वेशीबाहेर गेल्यावर परत येऊन मळायला लागलीस. ते पीठ इतकं मळलंस की भाकरी थापता येईना. त्यानंतर तिकडचे वाट बघत बसले, की ह्यांनी आता निरोप धाडावा, चूक ह्यांची. आणि तू वाट बघत बसलीस, की त्यानं तिसऱ्यांदा यावं. दादा तुझा नवरा असून तुलाच विचारायचे, पत्र टाकू का? तू म्हणायचीस, नको, न्यायला येतील.

मी सांगून संपवलं तेव्हा सुनेनं गॅस बंद केला. भात लागल्याचा वास येत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

नात म्हणाली, "काय यार आजी. दोन्हीकडून नुसता इगो."

"इगो नव्हता गं," मी म्हटलं. "ज्वारी होती."

मग तिनं माझ्याकडून गावाचं नाव काढून घेतलं आणि फोनवर घातलं. मी म्हटलं नसेल ते, कशाला असेल. मला खरंच वाटायचं, ते गाव तुझ्याबरोबर गेलं. तर होतं. त्या निळ्या रेघेच्या डाव्या अंगाला, बोटभर आत. एक देऊळ, एक प्राथमिक शाळा, घरांचे ठिपके. पाखाडी दिसत नव्हती, पण वळण दिसत होतं. माझ्या हातातली गवारीची शेंग मोडायची राहिली.

"आजी, जाऊया ना मग! कोण असेल तिथे आता? नंबर शोधू का? शाळेत फोन केला की कुणीतरी सांगेलच."

"खबरदार."

"अगं पण का?"

"बोलावलेलं नाही."

"आई, इतक्या वर्षांपूर्वीचं," माझा मुलगा म्हणाला, "आता त्यांना आठवत पण नसेल."

"म्हणूनच. आठवत नाही त्यांच्या दारात काय म्हणून उभी राहू? चहा द्या म्हणून? समुद्र बघायला चाललोय ना, समुद्र बघायचा. सरळ जायचं, डावीकडे मान पण वळवायची नाही. कबूल असेल तर मी येते, नाही तर पुण्यावरून जा आणि झोपा."

त्यांनी कबूल केलं. मुलानंसुद्धा केलं. म्हणाला, रात्री उशीर झाला तर सोमवारी घरून काम करीन. त्यानं असं का केलं ते मला कळलं. मी कधी काही मागितलेलं नाही, हे त्याला एकदम आठवलं असावं. आठवू दे. पोरांना अधूनमधून आठवलेलं बरं असतं.

पण आई, डावीकडे मान वळवायची नाही असं मी ठणकावून सांगितलं आणि तेव्हापासून माझी मान डावीकडेच आहे.

तू इथे विक्रोळीला आली होतीस, आठवतं? याच्याच बाळंतपणाला, ह्याच पोट सुटलेल्याच्या. आमची चाळ होती तेव्हा, आता जिथं बिल्डिंग आहे तिथंच. हायवेच्या पलीकडे खारफुटी, आणि त्यापलीकडे खाडी. चाळीतले सगळे नाकाला पदर लावायचे, म्हणायचे नाल्याचा वास येतो. तू दाराच्या उंबऱ्यावर बसून बाळाला तेल लावत होतीस आणि एकदम हात थांबवलास. म्हणालीस, "भरती लागली." शेजारीण हसायला लागली, म्हणाली, मावशी, गटार आहे ते. तू पुन्हा तेल लावायला लागलीस. पण नंतर रोज सांगायला लागलीस. आता ओहोटी. आता पाणी फिरलं. माझे मिस्टर कंपनीतून आले की मुद्दाम विचारायचे, "मामी, आज पाणी कुठवर?" आणि तू अशी ऐटीत सांगायचीस, जणू खाडी तुझ्या परवानगीनं भरते. तेवढे दीड महिने तुला कुणी खालची म्हणून हसलं नाही, उलट विचारलं. मला वाटतं त्या घरात तुझं मन रमलं होतं. खोली दहा बाय दहाची आणि वास खारा.

मी म्हटलं होतं, आई, इतकी वर्षं झाली, चल, तुला जुहूला नेते, मढला नेते, समुद्र बघ. तू म्हणालीस, "तो कुणाचा समुद्र? मला काय करायचाय?" मी चिडले. समुद्र काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतो का, म्हटलं. तू बाळाची लंगोटी बांधत म्हणालीस, "आधी आपल्या माणसांकडं जाते, मग दुसऱ्यांकडं." गेलीच नाहीस मग, कुठेच. त्याच दिवसांत एका दुपारी, पाणी फिरल्याचा वास आला असेल, तू आपल्याशीच म्हणालीस, "त्यानं वैशाखात यायला हवं होतं. वैशाखात दोन्हीकडं कणग्या भरलेल्या असतात." मी म्हटलं, कोण? तू म्हणालीस, कुणी नाही, बाळाला घे. एवढंच. पुढे कधी बोलली नाहीस.

तू गेलीस तेव्हा तुझी ट्रंक मी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तळाशी ते हिरवं लुगडं, घडीवर विरलेलं, बाकी कोरं. तुझ्या सुना म्हणाल्या, नेसवूया त्यांना शेवटचं. मी नेसवू दिलं नाही. ते खाली जायचं लुगडं होतं, जळायला नव्हतं. विक्रोळीला आणलं, आणि विरत चाललं तेव्हा कापून गोधडीत घातलं, मधला चौकोन सगळा त्याचा. गोधडीला पोरं मोठी झाली, मग नात मोठी झाली. ती तिला हिरवी गोधडी म्हणते, तिच्याशिवाय तिला ताप उतरल्यासारखा वाटत नाही. परवा मी ती धुऊन उन्हात घातली. सुनेनं विचारलं, "आई, मे महिन्यात गोधडी?" म्हटलं, कमरेला टेकू पाहिजे गाडीत. कंबर अशी उपयोगाला येते.

आता गुरुवारचं सांगते, म्हणजे मी हे लिहायला का बसले ते कळेल. संध्याकाळी मी कुकर लावत होते. नात ऑफिसातून आली ती बूट न काढता दारातच उभी. हातात गाडीची किल्ली. घाट ती चालवणार आहे ना, बापाला डोळ्यांचा त्रास, वळणांवर त्याला नीट दिसत नाही. मी म्हणाले होते, आधी मला तुझं चालवणं बघू दे, मग मी माझा जीव तुझ्या हातात देते. तर तेच ती करायला आली होती. दारातून ओरडली, "आजी, कुकर बंद कर. चल, तुला न्यायला आलेय."

आई, मी तशीच उभी राहिले. हात ओला होता. तुझ्या सगळ्या जन्मात तुला जे वाक्य कुणी म्हटलं नाही ते ही पोरगी बूट घालून दारात उभी राहून म्हणत होती, च्युइंगम चघळत. मी चपला उलट्या घातल्या. ती हसली, "अगं, उजवी-डावी." मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

हायवेनं मुलुंडपर्यंत जाऊन आलो. चांगली चालवते. रिक्षावाल्यांना शिव्या देते, पण मनातल्या मनात, ओठ हलतात फक्त. परत येताना ऐरोलीच्या वळणापाशी खिडकीतून खाडीचा वास आला. तुझ्यासारखं मला भरती-ओहोटी कळत नाही, मला आपला वास कळतो. मी विचारलं, "ते डावीकडचं वळण. तुला ओळखता येईल?"

तिनं लगेच माझ्याकडे पाहिलं नाही. शहाणी आहे. आरशात बघत म्हणाली, "मॅप सांगेल ना."

"मॅपला विचार, मुराळी मुलगी चालते का?"

"काय?"

"काही नाही. समोर बघून चालव."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आजी, आत्ता कोणता मराठी महिना चालू आहे?"

मी म्हटलं, वैशाख. आणि तिला मी वैशाखाचं कधी सांगितलेलं नव्हतं, शपथ. ती लग्नपत्रिकेवरचं आठवून विचारत होती.

गाडीतून उतरायच्या आधी आमचं दोघींचं ठरलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही, नातीला तेवढं ठाऊक. रविवारी वळण आलं की ती गाडी हळू करील, आणि मी बोलले तर वळवील, नाही बोलले तर सरळ जाईल. मी बोलणार आहे. धाकट्याला फोन करून सांगितलंय, नवा शाळू पायलीभर बांधून ठेव. तो म्हणाला, मुंबईत ज्वारी मिळत नाही का गं, ताई? मी म्हटलं, मिळते, पण मला तुझीच पाहिजे, तोंड बंद ठेव आणि बांध. पडवीत कुणी असलं, कुणीही असलं, मामाचा नातू, पणतू, सून, तर मी ते गाठोडं पुढे करून सांगणार, आमचं पीक घरात आलं. तुम्ही म्हणाला होता ना, म्हणून आलो. त्यांना काही कळलं नाही तर नाही कळलं. वेडी म्हातारी म्हणतील, पाणी देतील. पाण्याला मी हात लावीन. तुझा झोपाळा असला तर त्यावर बसेन, माझ्या मांडीवर गोधडी असेल, तेव्हा तू थापा मारत होतीस की नाही तेही कळेल.

आणि घर पडलं असलं, कुणीच नसलं, तर पाखाडीच्या तोंडाशी विहीर तरी असेल. पाणी किती आहे ते बघून येते. तुला सांगायला आता ती सुकटवाली नाही.

मुलाला वाटतंय मी समुद्रासाठी हरखलेय. समुद्र बघू की. आधी आपली माणसं, मग तो.

हे पान मी आता घडी घालून मसाल्याच्या डब्यांखाली अंथरणार आहे, तेलाचे डाग टिपायला बरं. सुनेनं कधी काढलंच तर माझं अक्षर तिला लागणार नाही. एक गोष्ट राहिली. एसी लावायचा नाही, काचा उघड्या ठेवायच्या, मला गाडी लागते, असं मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. सून आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आली बिचारी. नात म्हणते, मे महिन्यात घाट उतरून काचा उघड्या म्हणजे सगळे उकडून निघू. निघा, म्हटलं.

मला गाडी कधीच लागलेली नाही, आई. उतार लागला की वास आत यायला पाहिजे. पाणी भरतंय की फिरलंय, ते मला सांगता यायचं नाही, ते तू सांग.